लाळग्रंथींच्या प्रगत कर्करोगात तोंडावाटे घ्यायच्या औषधांची चाचणी

लाळग्रंथींचा कर्करोग विरळा, आणि त्याचेही वीसहून अधिक प्रकार. त्यामुळे चाचणीसाठी एकाच प्रकारचे पुरेसे रुग्ण जमवणे हीच पहिली अडचण असते. शस्त्रक्रिया व किरणोपचारांनंतर रोग उलटला किंवा फुप्फुसांत पसरला, की औषधांचा विचार होतो. सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या किमोथेरपीचा लाभ तोकडाच ठरल्याने घरी घेता येणाऱ्या गोळ्यांकडे लक्ष वळले. यांतल्या बहुतेक गोळ्या रूढ अर्थाने किमोथेरपी नव्हेत; त्या पेशींतली ठरावीक प्रथिने अडवतात.

ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा यातला चिवट प्रकार. तो मज्जातंतूंच्या कडेने सरकतो. फुप्फुसांत गाठी असूनही रुग्ण कित्येकदा वर्षानुवर्षे हिंडताफिरता असतो. चाचणीची खरी मेख इथेच आहे. गाठ सहा महिने जैसे थे राहिली, तर श्रेय गोळीचे की रोगाच्या संथ स्वभावाचे?

इमॅटिनिब या गोळीवर आशा होती, कारण ती अडवते ते सी-किट प्रथिन या पेशींवर मुबलक असते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र एकाचीही गाठ निकषाइतकी आक्रसली नाही. 2019 च्या लेन्व्हॅटिनिब या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत अलीकडे रोग वाढलेलेच रुग्ण घेतले. 32 जणांपैकी 5 जणांच्या गाठी 30 टक्के किंवा अधिक घटल्या, 24 जणांच्या स्थिर राहिल्या. रक्तदाब आणि थकव्यामुळे अनेकांचा डोस कमी करावा लागला.

निर्णायक पुरावा कोरियातून आला, तो तुलनेच्या गटामुळे. तिथे 60 रुग्णांपैकी निम्म्यांना ॲक्सिटिनिब दिले, बाकीच्यांवर नुसती देखरेख ठेवली. रोग वाढल्यास त्यांनाही औषध मिळणार होते. सहा महिन्यांनी रोग न वाढलेले रुग्ण औषधाच्या गटात सुमारे 73 टक्के होते, दुसऱ्या गटात 23 टक्के. गाठी फारशा आक्रसल्या नव्हत्या, तरी औषध रोगाला थोपवत होते. केवळ आक्रसण्याचे माप लावले असते, तर ते वाया गेलेच म्हटले असते.

सिक्रेटरी कार्सिनोमा या लाळग्रंथींच्या दुसऱ्या प्रकाराची गोष्ट वेगळी. त्यात एनटीआरके जनुक दुसऱ्या जनुकाला जोडले जाते; या जोडणीतून बनणाऱ्या प्रथिनावर लॅरोट्रेक्टिनिब हे औषध नेमके बसते. अशी जोडणी असलेल्या निरनिराळ्या कर्करोगांच्या पहिल्या 55 रुग्णांपैकी 75 टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. त्यांत लाळग्रंथींचे 12 होते.

गोळी गिळायलाही लाळ लागते, आणि किरणोपचारांनी तोंड कोरडे पडलेले असते. लेन्व्हॅटिनिबची कॅप्सूल थोड्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून, ढवळून घेता येते.