कोळशाचा स्मोकर : स्वस्त बनावटीतील तापमान-नियंत्रण

कोळशाच्या मंद आचेवर आणि लाकडाच्या धुरात मांस तासन्‌तास शिजवण्याच्या पत्र्याच्या उपकरणाला स्मोकर म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत डुकराचा खांदा किंवा गाईच्या छातीचे मांस असे शिजवण्याची रीत चांगली मुरलेली आहे. या चिवट मांसातील कोलॅजन (तंतुमय प्रथिन) विरघळून त्याचे मऊ जिलेटीन होण्यासाठी उष्णतेइतकाच वेळही लागतो. म्हणून स्मोकरमधील तापमान सुमारे १०७ ते १२१° से. (२२५ ते २५०° फॅ.) या पट्ट्यात दहा-बारा तास टिकवावे लागते. महाग स्मोकरमध्ये जाड पत्रा, घट्ट झाकण आणि नेमक्या झडपा हे काम सांभाळतात. स्वस्त स्मोकरमध्ये ही सोय नसली, तरी ड्रिल, नट-बोल्ट आवळण्याचे पाने आणि थोडा पत्रा एवढ्या सामग्रीवर तो बराच भरवशाचा करता येतो.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे डॅलसच्या ब्रिंकमन कंपनीचा उभा, नळकांड्याच्या आकाराचा ‘स्मोक-एन ग्रिल’. हौशी मंडळींनी त्याला ‘एल चीपो ब्रिंकमन’ असे लाडके नाव दिले होते. कंपनीने २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, पण त्या धाटणीचे स्मोकर अजूनही वापरात आहेत आणि पुढील सुधारणा त्यांनाही लागू पडतात. याची रचना साधी असते : तळाशी कोळशाचे घमेले, त्यावर पाण्याचे भांडे, त्याच्या वर मांस ठेवण्याच्या जाळ्या आणि सर्वांत वर घुमटाकार झाकण.

दोष कुठे आहे हे समजण्यासाठी मराठी वाचकाने घरची लोखंडी शेगडी आठवावी. शेगडीत निखारे जाळीवर असतात, राख खाली गळते आणि खालच्या तोंडातून हवा वर येते. ते तोंड झाकले की आच मंदावते. स्वस्त स्मोकरमध्ये नेमके याच्या उलट घडते. कोळसा थेट घमेल्याच्या बुडावर पडलेला असतो, त्यामुळे दोन-तीन तासांत त्याचीच राख त्याला गुदमरवते. दुसरीकडे घमेले आणि नळकांडे यांच्यामधील मोकळ्या फटीतून हवा मनमानी आत शिरते, आणि वारा सुटला की तापमान एकाएकी चढते. हवा जिथे हवी तिथे मिळत नाही आणि जिथे नको तिथे अडवता येत नाही, हेच सगळ्या चढउतारांचे मूळ आहे.

म्हणून पहिली सुधारणा घमेल्याची. त्याच्या बुडाला भोके पाडून आत दोन-तीन बोटे उंचीवर जाळी बसवली, की राख खाली पडते आणि कोळशाला खालून हवा मिळते. या एका बदलाचा जेवढा गुण येतो तेवढा पुढच्या कशाचाही येत नाही. भोकांतून तप्त राख गळत असल्याने खाली विटा किंवा धातूचे ताट ठेवणे आवश्यक असते. आता आत येणाऱ्या हवेला लगाम हवा. त्यासाठी घमेल्याला तीन-चार मोठी भोके ठेवून प्रत्येकाशेजारी एका बोल्टवर फिरणारी पत्र्याची चकती लावतात. चकती सरकवली की भोक पूर्ण, अर्धे किंवा पाव उघडे राहते. घमेल्याभोवतीची फटही बुजवावी लागते, अन्यथा चकत्यांना अर्थ उरत नाही. झाकणाच्या कडेला उष्णता सोसणारी फायबरग्लासची दोरी चिकटवतात आणि माथ्यावर धूर निघण्यासाठी झडप करतात. ही वरची झडप शक्यतो उघडीच ठेवावी. ती बंद करून आच कमी करू पाहिल्यास धूर आत कोंडतो आणि मांस कडवट होते.

मूळ स्मोकरचे पाय नळकांड्याच्या आतल्या अंगाला असतात. ते बाहेरून बसवून घमेल्याला स्वतंत्र टेकू दिला, तर मांसासकट संपूर्ण नळकांडे उचलून बाजूला ठेवता येते आणि कोळसा ढवळणे किंवा नवा घालणे सोपे होते. मूळ तापमापकावर अंशांऐवजी ‘वॉर्म’, ‘आयडियल’, ‘हॉट’ असे शब्द असतात. त्याच्या जागी आकड्यांचा तापमापक, तोही झाकणाच्या माथ्यावर नव्हे तर मांसाच्या जाळीच्या पातळीवर लावणे श्रेयस्कर. पाण्याच्या भांड्याचा उपयोग उष्णता शोषून तिचे झटके सौम्य करण्यासाठी होतो. काही जण पाण्याऐवजी वाळू भरून वर अॅल्युमिनियमची फॉइल लावतात. वाळूचे बाष्पीभवन होत नसल्याने भांडे पुन्हा भरावे लागत नाही, मात्र पाण्यासारखी ती तापमानाला खाली ओढून धरत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वा जाळी निखाऱ्यांजवळ वापरू नये, कारण तापल्यावर त्यातून जस्ताचे अपायकारक धूर निघतात. कोळशाच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्यामुळे पाऊस असला तरी स्मोकर गॅरेजमध्ये किंवा बंद व्हरांड्यात पेटवू नये.

कोळसा पेटवण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. जिम मिनियन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत घमेले न पेटवलेल्या कोळशाने भरून वर मोजकेच निखारे ठेवतात. आग हळूहळू खाली पसरते आणि आच बराच काळ एकसारखी राहते. अपेक्षित तापमान गाठण्याच्या थोडे आधीच घमेल्याच्या चकत्या आवळत आणाव्यात, कारण एकदा पेटलेला कोळसा चटकन शांत होत नाही. प्रत्येक बदलानंतर पंधरा-वीस मिनिटे थांबूनच पुढचा बदल करावा. फेरफार केलेला स्मोकर प्रथम मांसाशिवाय चार-पाच तास चालवून, कोणती चकती किती उघडली असता आकडा कुठे स्थिरावतो, याची टिपणे काढून ठेवतात.