टपावरचा वारा आणि टाकीतलं डिझेल

मोठी डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी गाडी, घेऊन कुणी लांबचा दौरा करून आलं की पहिला प्रश्न ठरलेला: गाडीनं किती दिलं? उत्तरं ऐकली की वाटतं, दोघांपैकी एक जण नक्की थाप मारतोय. मॉडेल तेच, इंजिन तेच, पण एकाला लिटरला चौदा मिळालेले असतात आणि दुसऱ्याला साडेआठ. खरं तर दोघंही बरोबर सांगत असतात. एवढ्या आकाराच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज गाडीपेक्षा प्रवासावर जास्त ठरतं: वेग, चढ, टपावरचं सामान, टायर. यातल्या प्रत्येकाचा वाटा शाळेतल्या भौतिकशास्त्रानं काढता येतो. काढून पाहिला की काही पक्क्या समजुती उलट्या निघतात.

हिशेबासाठी फॉर्च्युनरच्या मापाची गाडी घेऊ. रुंदी १८५५ मिलिमीटर, उंची १८३५, टाकी ८० लिटरची. माणसं, बॅगा, स्वयंपाकाचा सरंजाम सगळं धरून वजन २६०० किलो. पुढचे आकडे मी याच मापावरून काढले आहेत. तुमच्या गाडीत ते थोडे इकडेतिकडे होतील, प्रमाण मात्र तेच राहील.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. विजेच्या मीटरवर मोजली तर दहा युनिट. त्यातली चाकांपर्यंत जेमतेम तीन पोचतात. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. हे वाया जाणं ऐकायला भयंकर वाटतं, पण १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनानं २६ टक्के कार्यक्षमता दाखवली तेव्हा त्या काळची वाफेची इंजिनं तिच्या जवळपासही नव्हती. आजचं चांगलं टर्बो डिझेल अनुकूल भारावर चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. डिझेलचा मोठा गुण म्हणजे अर्ध्यामुर्ध्या भारावरही ते फारसं उधळेपणा करत नाही. पेट्रोल इंजिन हळू चालवताना आत येणारी हवा झडपेनं अडवावी लागते आणि त्या अडवलेल्या हवेशी इंजिन झगडत राहतं. डिझेलमध्ये हवा मोकळी येते, फक्त इंधन कमीजास्त होतं. लांबच्या दौऱ्यावर निघणाऱ्या जड गाड्या वर्षानुवर्षं डिझेलच्या का असतात, त्याचं हे एक मोठं कारण.

तर लिटरमागे चाकांच्या हाती सुमारे ११ मेगाज्यूल. ते खर्च कुठे होतात?

सपाट रस्त्यावर एका ठरावीक वेगानं जाताना गाडीला दोनच गोष्टींशी भांडायचं असतं. एक, टायरचं रस्त्यावर दाबलं जाणं आणि पुन्हा फुगणं. आपल्या गाडीत हा रोध साधारण ३०० न्यूटन (न्यूटन हे जोर मोजायचं एकक), आणि वेगानं तो फारसा बदलत नाही. दुसरी गोष्ट हवा, आणि ती वेगाच्या वर्गानं वाढते. ताशी ८० ला हवेचा रोध ३२५ न्यूटनच्या आसपास असतो, १०० ला ५१०, आणि १२० ला ७३० च्या पुढे. वेग दीडपट झाला की हवा सव्वादोन पट मागे ओढते. सेडानचंही असंच होतं, पण उभ्या कपाळाच्या उंच गाडीत हवेचा वाटा मुळातच मोठा असतो.

हेच समृद्धी महामार्गावर मांडून बघा. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, सपाट भागात वेगमर्यादा १२०, मध्ये सिग्नल नाही. ताशी ८० नं गेलात तर हिशेबानं ४१ लिटर, १०० नं ५३, १२० नं ६७. म्हणजे लिटरला अनुक्रमे सतरा, तेरा आणि साडेदहा किलोमीटर. शंभरवरून एकशेवीसवर गेल्यानं वाचतो तास-सव्वातास, आणि जातं चौदा लिटर डिझेल. घाई असेल तर तो सौदा करावा. पण परत येऊन ‘कंपनीनं सांगितलेलं अ‍ॅव्हरेज मिळत नाही’ म्हणणं बरोबर नाही. कंपनीचा आकडा येतो चाचणीतून. पुण्यातल्या टेकडीवरची एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था ज्या ठरावीक चक्रानं चाचणी करते, त्यात गाडी रोलर्सवर वीसेक मिनिटं चालते, एसी बंद असतो आणि सर्वाधिक वेग ९० असतो. चाचणी प्रामाणिकच आहे, फक्त ती आपल्या दौऱ्याची नाही.

आता टपाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात महागडी चूक तिथे होते.

साठ किलोचं सामान आहे. ते डिकीत ठेवलं तर टायरचा रोध वाढतो सात न्यूटननं. शंभर किलोमीटरमागे जादा डिझेल सत्तर मिलिलिटर, चहाच्या एका कपाहून कमी. तेच सामान कॅरिअरवर बांधलं, सव्वा मीटर रुंद आणि फूटभर उंच असा ढीग झाला, तर हवेचा रोध अठरा-वीस टक्क्यांनी सहज वाढतो. ताशी १०० ला हे सुमारे ९० न्यूटन होतात, म्हणजे शंभर किलोमीटरमागे जवळपास पाऊण ते एक लिटर. वजन तेच, पण जागा बदलल्यावर खर्च बारापट. पुण्याहून लेहला जाऊन यायचं तर निदान साडेचार हजार किलोमीटर होतात. त्यातला बराचसा भाग हायवेचा धरला तर नुसत्या त्या ढिगानं पंचवीस-तीस लिटर खाल्लेले असतात. रूफटॉप टेंटचंही हेच. आणि दौरा संपल्यावर रिकामा कॅरिअर सहा महिने टपावर तसाच राहिला, तर तोही रोज थोडं थोडं खात असतो. चार बोल्ट काढायचा कंटाळा करू नये. सामान टपावर न्यावंच लागलं तर ते बुटकं आणि लांबट बांधावं आणि ताडपत्रीची टोकं घट्ट आवळावीत. फडफडणारं प्रत्येक टोक वाऱ्यात भोवरे तयार करतं, आणि त्या भोवऱ्यांचं बिल डिझेलमध्ये येतं.

वजनाची मात्र लोकांना उगाच धास्ती असते. हायवेवर ते स्वस्त आहे. शंभर किलो जादा घेऊन ३००० मीटर चढलात तरी त्या शंभर किलोंसाठी पाव लिटरच्या आसपास डिझेल जातं. वजन महाग पडतं ते थांबत-निघत जाताना. २६०० किलोची गाडी एकदा ताशी ६० पर्यंत न्यायला सुमारे ३३ मिलिलिटर लागतं आणि ब्रेक दाबला की ते सगळं तापलेल्या डिस्कमध्ये जातं. असे तीस सिग्नल म्हणजे एक लिटर. प्रवासातला सगळ्यात वाईट आकडा कित्येकदा हिमालयात पडत नाही. घरापासून हायवेला लागेपर्यंतच पडतो.

घाटाचा हिशेब वेगळा आणि फार सुंदर आहे. आपली अख्खी गाडी १००० मीटर वर न्यायला २५ मेगाज्यूल लागतात, म्हणजे दोन लिटरच्या थोडं वर. चढावर इंजिन चांगल्या भारावर चालतं, त्यामुळे ते त्यातल्या त्यात कार्यक्षम असतं. लेहहून खारदुंग ला चढायचा म्हणजे चाळीसेक किलोमीटरमध्ये जवळपास १८५० मीटर. नुसत्या चढाचे चार लिटर, रस्त्याचे वेगळे. मीटरवर लिटरला सहा दिसले तर घाबरायचं कारण नाही.

मग उतारावर हे परत मिळतं का? थोडंच. चाळिसात एक असा हलका उतार असेल तर ताशी ८० च्या वेगात गुरुत्वाकर्षण एकटं गाडी ओढून नेतं आणि साठवलेलं सगळं वसूल होतं. पण घाट साधारण पाच टक्क्यांचा असतो. ताशी ४० नं उतरताना गाडीला लागतात चारशेच्या आत न्यूटन आणि उतार देतो पावणेतेराशे. उरलेले जवळपास सत्तर टक्के ब्रेकमध्ये आणि इंजिन ब्रेकिंगमध्ये जिरवावेच लागतात.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची सवय आपल्या घाटांत अजूनही आहे. ती जीवघेणी तर आहेच, पण तिनं डिझेलही वाचत नाही. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की आजकालच्या इंजिनातला संगणक इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि डिझेल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःला फिरतं ठेवायला डिझेल लागतं, एसीसकट तासाला साधारण एक लिटर. आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कसारा असो वा झोजी ला, ज्या गिअरमध्ये चढायची त्याच गिअरमध्ये उतरवावी.

लडाखमध्ये आणखी एक गंमत होते. मनाली-लेह वाटेवरच्या मोरे मैदानावर, ४७०० मीटरच्या आसपास, हवा कोकणातल्या हवेच्या साठ टक्केच दाट असते. हवा विरळ, तर रोधही तेवढाच कमी. ताशी ८० ला ३२५ न्यूटनऐवजी दोनशेच्या आत. एकूण गरज वीस टक्क्यांनी घटते. टर्बो विरळ हवा दाबून भरतो, म्हणून इंजिनाचाही श्वास फार कोंडत नाही. ‘लडाखमध्ये गाडीनं जास्त दिलं’ असं सांगणाऱ्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही, पण तिथे सपाटीवर, बेताच्या वेगानं, विरळ हवेत ते खरंच घडतं.

त्याच उंचीवर टायरची हवा काढण्याचा सल्लाही हमखास मिळतो. बाहेरचा दाब कमी झाल्यानं गेजवर सहाएक पीएसआय जास्त दिसायला हवेत, हे खरं. पण मैदानातले तीस अंश सोडून तुम्ही पाच अंशांत आलेले असता, आणि गारठ्यानं चारेक पीएसआय उतरलेले असतात. दोन्ही एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. सकाळी गार टायरवर गेज लावावा आणि आकडा जागेवर असेल तर हात लावू नये. उगाच हवा काढलेले टायर घेऊन लोक चंदीगडपर्यंत उतरतात, तेव्हा ते मऊ झालेले असतात, तापतात आणि डिझेलही खातात.

फोर बाय फोर लावल्यानं डिझेल किती जादा जातं, हा प्रश्न मला किरकोळ वाटतो. दांडे, गिअर, तेल यांचं थोडं जादा घर्षण, एवढंच. डांबरावर ती लावू नये याचं कारण वेगळं: बऱ्याच गाड्यांत पुढच्या आणि मागच्या दांड्यांमध्ये मध्यस्थ डिफरन्शिअल (दोन्हींना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा गिअरसंच) नसतं आणि वळणावर ते एकमेकांना पिळतात. खरा फरक जमीन पाडते. मऊ वाळूत टायरचा रोध डांबरी रस्त्याच्या दहापटही होऊ शकतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅनिंग स्टॉक रूटवर, विलुना ते हॉल्स क्रीक अशा साधारण १८५० किलोमीटरच्या वाटेवर, वाळूच्या टेकड्यांमागून टेकड्या लागतात आणि मध्ये इंधनाचं ठिकाण मुख्यतः एकच, कुनावरिट्जी. तिथे जाणारे गाडी ‘किती देते’ हे विचारत बसत नाहीत. त्या टप्प्याला किती लिटर लागतील ते आधी काढतात.

आपणही तसंच मोजलं पाहिजे. लिटरला किलोमीटर हा आकडा मोठ्या गाडीच्या बाबतीत फसवतो. आठचे दहा झाले की हजार किलोमीटरमागे २५ लिटर वाचतात. सोळाचे वीस झाले की साडेबाराच. वाढ दोन्हीकडे पंचवीस टक्के, पण जड गाडीतली छोटी सुधारणा दुप्पट डिझेल वाचवते.

मोजण्यातही गफलत होते. पंपावर नोझलचा ऑटो कट होतो तेव्हा टाकीच्या तोंडाशी फेसच असतो. डिझेल भरभर ओतलं की फेसाळतं. दोन मिनिटं थांबलात तर फेस बसतो आणि आणखी दोन-तीन लिटर आरामात जातं. एका टाकीच्या हिशेबात एवढी चूक लिटरला अर्धा किलोमीटर सहज फिरवते. म्हणून तीन-चार टाक्यांची बेरीज घ्यावी. टायर बदलले असतील तर तेही धरावं: २६५/६० आर १८ या मापाच्या जागी थोडे उंच २६५/६५ घातले की घेर साडेतीन टक्क्यांनी वाढतो, १०३ किलोमीटर झाले तरी मीटर १०० दाखवतो आणि बिचाऱ्या गाडीवर आळ येतो.

मनालीहून लेहला निघालं की टांडीच्या पंपावर तो प्रसिद्ध फलक लागतो: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आपल्या गाडीचा त्या टप्प्याचा हिशेब असा. रस्त्याचे २५ लिटर. बारालाचा, लाचुलुंग आणि तांगलांग या खिंडींच्या चढांची बेरीज चार हजार मीटरच्या आसपास, तिचे आठ-नऊ लिटर. उतारावर त्यातलं थोडं परत येतं, ते धरूच नये. खराब पट्टे, नाले, ट्रकांमागचं रांगणं, गारठ्यात हीटरसाठी इंजिन चालू ठेवणं यांचे आणखी आठ. एकूण बेचाळीस. ८० लिटरच्या टाकीत एवढं निघूनही जवळजवळ अर्धी शिल्लक राहते, म्हणजे वाटेत दरड पडून टांडीला परत फिरावं लागलं तरी चालेल. तेव्हा टपावर डिझेलचे कॅन बांधून नेण्याआधी ही बेरीज एकदा करून पाहा. ५० लिटरच्या टाकीची गाडी असेल तर मात्र एक कॅन घ्या. तो डिकीत ठेवता येणार नाही, वास आणि गळती दोन्हींची भीती असते. मागच्या दाराच्या बाहेर, स्टेपनीजवळच्या ब्रॅकेटवर बसवा. तिथे तो गाडीच्या आडोशाला राहतो आणि वाऱ्याला जवळजवळ सापडतच नाही.