एबीजीच्या पट्टीमागचा इतिहास

परळच्या केईएममध्ये किंवा सायनला आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर 'एबीजी' (आर्टेरियल ब्लड गॅस, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) हा शब्द हमखास पडतो. रेसिडेंट डॉक्टर मनगटाची नाडी चाचपून, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेल्या सिरिंजमध्ये धमनीतलं रक्त घेतात आणि थोड्या वेळात मशीनमधून कागदाची अरुंद पट्टी बाहेर येते. पीएच (रक्त आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा), कार्बन डायऑक्साइडचा दाब, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल आवरणारा क्षार). हे आकडे एकत्रच वाचायचे असतात, हे कळेपर्यंत बरेच जीव गेले.

उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइड वायूने चुन्याची निवळी दुधाळ होते, हे अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅकने दाखवलं होतं. १८३७ मध्ये बर्लिनच्या मॅग्नसने रक्तातून वायू ओढून काढले. धमनीच्या आणि शिरेच्या, दोन्ही रक्तांत ऑक्सिजनही निघाला आणि कार्बन डायऑक्साइडही. पण रक्तात कार्बन डायऑक्साइड बहुतेक करून वायुरूपात नसतोच. सुमारे ७० टक्के बायकार्बोनेट होऊन वाहतो, काही हिमोग्लोबिनला चिकटतो आणि थोडासाच विरघळलेला राहतो. फुप्फुसातल्या केशवाहिनीत रक्त जेमतेम पाऊण सेकंद थांबतं. एवढ्यात बायकार्बोनेटचा पुन्हा वायू होणं आपसूक जमणारं नाही. तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम, कार्बोनिक अॅनहायड्रेज, हे काम करतं. केंब्रिजच्या मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी ते १९३२-३३ च्या सुमारास शोधलं.

या वेशांतराने डॉक्टरांना चकवलं ते १९५२ मध्ये, कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तपासणीत रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसे. त्यात बायकार्बोनेटही मोजलं जाई, म्हणून डॉक्टर म्हणत, रक्त अल्कधर्मी झालंय. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन म्हणाला, उलट आहे. वायू बाहेर पडत नाही, रक्त आम्लधर्मी होतंय. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून त्याने रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. ती वाचली. मग वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. माझ्या मते आजचा आयसीयू तिथेच जन्मला.

साथीतले हे रुग्ण ज्या रुग्णालयात होते, त्याच्याच प्रयोगशाळेत पोल आस्ट्रुपने रक्ताचा पीएच मोजायला घेतला. कार्बन डायऑक्साइडचा दाब थेट मोजणारा इलेक्ट्रोड त्याच दशकात आला. पट्टीवरचं बायकार्बोनेट मात्र मशीन आजही मोजत नाही. पीएच आणि दाब घेऊन, या तिन्ही आकड्यांचं नातं सांगणाऱ्या हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरणाने ते काढतं.