प्रवाळमाशांचे बालसंगोपन-स्थलांतर

प्रौढावस्थेत प्रवाळखडकांवर राहणाऱ्या काही जातींच्या माशांची पिले किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, म्हणजे सागरी गवतात व कांदळवनांत, वाढतात आणि पुरेशी मोठी झाल्यावर खडकांकडे जातात. अंडी घालण्यासाठी केलेल्या स्थलांतराहून हा प्रवास वेगळा असतो, कारण तो एकाच दिशेने आणि टप्प्याटप्प्याने होतो. सर्वच प्रवाळमासे असा प्रवास करीत नाहीत. अनेक जातींचे डिंभ, म्हणजे अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली तरंगती पिले, थेट खडकावरच उतरतात.

कॅरिबियन समुद्रातील फ्रेंच ग्रंट हे याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण होय. त्याचे डिंभ सुमारे दोन आठवडे खुल्या पाण्यात तरंगून, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे असताना, उथळ पाण्यात उतरतात. थोडी वाढलेली पिले दिवसा कांदळाच्या मुळांत किंवा लहान खडकांच्या आडोशाला थव्याने थांबतात, तिन्हीसांजेला ठरलेल्या वाटेने गवतात चरायला जातात आणि पहाटे परततात. या वाटा काही अंशी शिकलेल्या असतात : एका थव्यात नेऊन सोडलेल्या परक्या पिलांनी तेथील माशांमागून दोन दिवस ये-जा केल्यावर, मूळ मासे काढून घेतले तरी तीच वाट धरली, असे १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले.

पिले निवारा सोडतात ती धोका आणि वाढ यांचा हिशेब बदलल्यामुळे. बहामामधील नासाऊ ग्रूपरची पिले शैवालाच्या झुबक्यांत राहतात. बाहेर वाढ जलद होत असली तरी लहान अंगाच्या माशाला तेथे शिकाऱ्यांचे भय अधिक असते आणि शरीर मोठे झाल्यावरच ते ओसरते.

खाडीत पिले व खडकावर प्रौढ दिसले, एवढ्यावरून प्रवास सिद्ध होत नाही, ही गोष्ट पूर्वीच्या लिखाणात पुष्कळदा नजरेआड झाली. खरा पुरावा माशाच्या कानातील चुनखडीच्या खड्यात, म्हणजे कर्णाश्मात, सापडतो. त्यावर रोज एक थर चढतो व त्या वेळच्या पाण्याची आणि अन्नाची रासायनिक खूण त्यात कायम राहते. तांबड्या समुद्रातील एका स्नॅपरच्या कर्णाश्मांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, किनाऱ्यालगत वाढलेले मासे ३० किलोमीटरहून अधिक खुले पाणी ओलांडून दूरच्या खडकांवर पोहोचल्याचे २०१२ मध्ये दाखवण्यात आले.

या प्रवासाचा परिणाम खडकांवरील माशांच्या साठ्यावर होतो. कॅरिबियनमधील २००४ च्या एका अभ्यासात, जवळ समृद्ध कांदळवन असलेल्या खडकांवर व्यापारी महत्त्वाच्या अनेक जातींचे जैववस्तुमान, म्हणजे माशांचे एकूण वजन, दुपटीहून अधिक आढळले. कांदळवने तोडली गेल्यावर रेनबो पॅरटफिश हा मोठा शाकाहारी मासा काही ठिकाणांहून नाहीसा झाल्याचेही त्यात नोंदवले आहे.

हे निष्कर्ष सर्व समुद्रांना सरसकट लावता येत नाहीत. कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीतील फरक अल्प असल्याने कांदळाची मुळे सतत पाण्यात असतात. हिंदी महासागराच्या अनेक किनाऱ्यांवर, कोकणातही, ओहोटीला ती उघडी पडतात आणि पिलांना दिवसातून दोनदा खाडीच्या पात्रात उतरावे लागते. तरीही आपल्याकडे तांबोशी या नावाने बाजारात येणारा मासा याच वाटेचा आहे : तो कोवळेपणी खाड्यांत, नदीमुखांत, क्वचित गोड्या पाण्यातही वाढतो आणि पुढे खोल समुद्रातील खडकांकडे, कधी १०० मीटरहून अधिक खोलीपर्यंत, सरकतो.