मराठी गद्य इंग्रजांनी आणलं?

‘इंग्रज येईपर्यंत मराठीत सगळं पद्यच होतं, गद्य त्यांनी शिकवलं,’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो खरा वाटतो, कारण शाळेत जुनी मराठी आपल्याला भेटते ती ओवी-अभंगांतूनच.

पण तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, गद्य आहे. छोटी वाक्यं, मधूनमधून ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ (सर्वज्ञ म्हणजे चक्रधर), आणि चक्क बोलल्यासारखे संवाद. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जपल्यामुळे बाहेरच्यांना ते विसाव्या शतकापर्यंत फारसे ठाऊक नव्हते. ओव्या मात्र तोंडपाठ होत्या, त्या घरोघरी राहिल्या.

गोंधळ होतो तो तुलनेत. एकीकडे ओवी, दुसरीकडे १८५७ची कादंबरी ‘यमुनापर्यटन’ ठेवली की भाषाच पालटल्यासारखी दिसते. खरं तर आपण प्रकारच बदललेला असतो. पडताळायचं तर सतराव्या शतकातला अभंग आणि त्याच काळातलं सरकारी पत्र शेजारी ठेवा. पत्रात ‘मशहुरल अनाम’, ‘मोर्तब सूद’ अशी फारसीची रेलचेल. अभंगात ती बरीच कमी. काळ एकच, मराठी दोन! मग पत्राशी पत्र लावा, बखरीशी चरित्र.

इंग्रजी अमदानीत बदल झालेच. छपाई, वर्तमानपत्रं, निबंध, कादंबरी त्या काळातली, स्वल्पविरामसुद्धा. मोडी कागदांत तर शब्दही सुटे लिहीत नसत. तरी ते कागद गद्यच आहेत, आणि त्यांचे छापील संग्रह मोठ्या ग्रंथालयांत वाचायला मिळतात.