लेडेकीने कॉलेज अर्धवट सोडलं नव्हतं

अमेरिकेची लांब पल्ल्याची जलतरणपटू केटी लेडेकी दोन वर्षांत स्टॅनफर्ड सोडून पैशांच्या मागे गेली, हे अजूनही ऐकायला मिळतं. ते खरं नाही. तिने सोडली ती फक्त कॉलेजच्या संघाकडून पोहण्याची पात्रता. शिक्षण सोडलं नाही.

रिओ ऑलिंपिकसाठी प्रवेश वर्षभर लांबवून ती 2016 मध्ये स्टॅनफर्डला आली. दोन हंगामांत तिने एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडास्पर्धा चालवणारी संघटना) 8 विजेतेपदं मिळवली आणि दोन्ही वर्षी स्टॅनफर्डचा महिला संघ विजेता ठरला. नोव्हेंबर 2017 मध्ये तिने 1650 यार्ड 15:03.31 मध्ये पोहून विक्रम केला. ही वेळ तिच्या 1500 मीटरच्या जागतिक विक्रमाशी (15:20.48, मे 2018) ताडून पाहू नये. यार्डांचं अंतर जवळपास 9 मीटरने जास्त आहे, तरी वेळ कमी, कारण 25 यार्डांच्या तलावात 65 वेळा वळावं लागतं, 50 मीटरच्या तलावात 29 वेळा. प्रत्येक वळणावर भिंतीला पाय मारून फुकटचा वेग मिळतो.

मार्च 2018 मध्ये ती व्यावसायिक झाली. तेव्हाच्या नियमांनुसार जाहिरातींचे करार आणि कॉलेजची स्पर्धा दोन्ही एकत्र जमत नव्हतं. ती सवलत खेळाडूंना 2021 मध्ये मिळाली. तिच्यावर ठपका ठेवणारे नेमकं हेच विसरतात. ती कॅम्पसवरच राहिली, त्याच प्रशिक्षकाकडे सराव करत राहिली आणि 2020 मध्ये मानसशास्त्राची पदवी पूर्ण केली, जोडीला राज्यशास्त्र हा दुय्यम विषय. महामारीत तलाव बंद पडले तेव्हा एका घराच्या परसातल्या तलावात जलतरणपटू सिमोन मॅन्युएलसोबत तिचा सराव चालू होता.