दारात पोलीस झडतीला आले तर
(आमच्या पक्षकारांसाठी)

कोल्हापुरात गुजरीतल्या सराफी पेढीवर, लक्ष्मीपुरीच्या दुकानात किंवा घरी पोलीस आले की आम्हाला फोन येतो आणि प्रश्न बहुतेकदा एकच असतो : "वकीलसाहेब, वॉरंट नाही म्हणतात, आत सोडू का नको?"

सोडा. दारात हुज्जत नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 185 नुसार तपास अधिकाऱ्याला विनावॉरंट झडती घेता येते. मात्र कोणती वस्तू शोधायची आणि वॉरंटसाठी थांबणे का शक्य नाही, हे त्याने आधी लिहून ठेवायचे असते. त्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. तुम्ही अर्ज केलात तर ती कोर्टातून मोफत मिळते. आमचे काम या कागदापासून सुरू होते.

खरी गोम पंचनाम्यात. 'पिवळ्या धातूचे दागिने, वजन अंदाजे' असले पंचनामे आम्ही पाहिलेत. 'पिवळ्या धातूचे' चालते, सोन्याला तसे लिहिण्याची पोलिसांची रीतच आहे. 'अंदाजे' चालू देऊ नका. काटा दुकानातच असतो; वजन करून, नग मोजून आकडा लिहायला सांगा. पंच दोन हवेत, त्रयस्थ, शक्यतो त्याच भागातले. झडतीवेळी समोर हजर राहण्याचा आणि जप्तीच्या यादीची प्रत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. बाईमाणसाची अंगझडती बाईनेच घ्यायची. कोऱ्या कागदावर सही मुळीच नको.

1 जुलै 2024 पासून, म्हणजे ही संहिता लागू झाल्यापासून, झडतीचे चित्रीकरण बंधनकारक आहे, मोबाइलवर केले तरी चालते. ते झालेच नाही असे वाटले तर दुकानातल्या सीसीटीव्हीचे फुटेज त्याच दिवशी उतरवून ठेवा. डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारे यंत्र, जुने फुटेज आपोआप पुसतो.

आता न आवडणारी गोष्ट. झडती चुकीची ठरली म्हणून सापडलेला माल पुराव्यातून बाद होतोच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात 1973 सालीच ते सांगून ठेवले आहे. त्रुटींमुळे पुराव्याचे वजन घटते, एवढेच. अमली पदार्थांच्या अंगझडतीत मात्र एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचे कलम 50, म्हणजे राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क, पाळले नाही तर जप्तीच कोसळू शकते.

जप्त गाडी किंवा माल खटला संपेपर्यंत ठाण्यात सडू द्यायचे कारण नाही. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा हजर करण्याची हमी लिहून देऊन, परत मागता येतो. तपासातल्या जप्तीच्या अधिकारात पोलिसांना जागा, म्हणजे स्थावर मालमत्ता, ताब्यात घेता येत नाही, हेही 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद लागली नाही तर उच्च न्यायालय. त्यासाठी पूर्वी मुंबईला जायला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथेच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोर बसते.

ऑफिसला येताना पंचनाम्याची प्रत, मालाची खरेदी बिले आणि फुटेजचा पेनड्राइव्ह आणा. पोलीस किती वाजता आले, किती वाजता गेले, तेही आठवतेय तोवर लिहून ठेवा.